शिसे, दारू आणि नळीची मर्यादा: प्रस्तावना

बंदूक बाळगणाऱ्याला कधी ना कधी एक प्रश्न पडतो. जड ओतीव गोळ्या उरल्या आहेत, रिव्हॉल्व्हर हाताशी आहे, तर पुंगळीत दारू किती घालावी? वरवर हा त्रैराशिकाचा प्रश्न वाटतो. अमुक वजनाच्या गोळीला अमुक दारू, मग गोळी जड झाली की दारू त्या प्रमाणात कमी किंवा जास्त करायची, एवढेच. या पुस्तकाचे म्हणणे असे की प्रश्न मांडण्याची ही रीतच चुकीची आहे, आणि अपघातांची सुरुवात या चुकीपासून होते. दारूचे सुरक्षित माप हा केवळ दारूचा गुण नाही, एकट्या गोळीचा नाही आणि एकट्या बंदुकीचाही नाही. विशिष्ट बंदूक, विशिष्ट पुंगळी, विशिष्ट केप, विशिष्ट दारू, विशिष्ट धातूची व विशिष्ट लांबीची गोळी, आणि ती पुंगळीत किती खोल बसवली आहे ते अंतर, या सगळ्यांच्या जुळणीला ‘सुरक्षित’ हे विशेषण लागते. ते विशेषणसुद्धा दाब मोजून पाहिल्यानंतरच लावता येते. जुळणीतली एक गोष्ट बदलली की आधीची कसोटी रद्द होते. उरलेल्या जड गोळ्यांसाठी माप शोधायला निघालेल्या माणसाला म्हणूनच पुष्कळदा एकच प्रामाणिक उत्तर मिळते: तपासलेली जुळणी उपलब्ध नसेल तर ती गोळी त्या बंदुकीत घालू नये.

हा विषय ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. तानसा, माहुली आणि माळशेजच्या पायथ्याच्या या पट्ट्यात भात, नागली, वरई ही पिके. आणि पीक तयार होऊ लागले की रानडुकरांचा त्रासही ठरलेला. माळ्यावरची राखण, गोफण, डबे बडवणे हे सर्वांचे उपाय. ठासणीची परवान्याची बंदूक हा मोजक्यांचा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे कायद्याने हा वापर ओळखलेला आहे. पण तानसा अभयारण्याच्या शेजारामुळे येथे दुसरा कायदाही लागू होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 34 नुसार अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वनखात्याकडे नोंदणी करायची असते, आणि त्या परिघात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगीही नव्हे. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार वापरणारा स्वतःच्या हाताने भरतो. दारूचे माप, गोळीचे वजन आणि गजाने ठासण्याची खोली यांचा निर्णय त्याच्याच हातात असतो. कारखान्याचे काडतूस वापरणाऱ्याला जो विचार करावा लागत नाही, तो याला दर बाराला करावा लागतो. म्हणून रिव्हॉल्व्हरमधली जड गोळी आणि ठासणीच्या नळीतली जड गोळी हे एकाच शास्त्राचे दोन धडे म्हणून येथे एकत्र मांडले आहेत.

दारू हाताळताना शिस्त लागते ही जाणीव मराठी मुलखात जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, साधारण 1715 च्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या बांधणीबरोबर दारूखान्याचाही विचार आहे: तो राहत्या घरांजवळ नसावा, आतील सामान ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात माळशेज घाटापलीकडे, जुन्नरच्या बाजूला आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना होता. पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती. म्हणजे शोरा, गंधक, कोळसा, शिसे आणि ओतीव लोखंड यांचे व्यावहारिक ज्ञान या डोंगराच्या दोन्ही अंगांना होते. पण ते साठवणुकीचे, ओतकामाचे आणि हाताच्या सवयीचे ज्ञान होते. नळीच्या आत बार उडण्याच्या क्षणी नेमका किती दाब निर्माण होतो, हे त्या काळी येथे कोणी मोजले नव्हते, आणि युरोपातही ते मोजणे नुकतेच सुरू होत होते. पुढे इंग्रजी राजवटीत 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यारे सामान्य माणसाच्या हातून गेली. तरी मराठीत बंदुकीचे शब्द जिवंत राहिले. बार, केप, गज, घोडा, चाप, पुंगळी, छर्रा हे आजही सर्वांना कळतात. त्या शब्दांमागचे आधुनिक शास्त्र मात्र मराठीत आले नाही. ही पोकळी ऐकीव माहितीने भरून काढली, आणि दाबाच्या बाबतीत ऐकीव माहितीइतका वाईट सल्लागार दुसरा नाही.

मोजण्याचा इतिहास थोडक्यात असा. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारून तिचा वेग काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे गोळी किती जोराने बाहेर पडते हे प्रथमच आकड्यांत सांगता येऊ लागले. नळीच्या आतला दाब मोजायला आणखी वेळ लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने बंद पात्रात दारू पेटवून प्रयोग केले; 1860 च्या सुमारास अमेरिकेत रॉडमनने तोफेच्या भिंतीतून दाबाचा ठसा धातूवर उमटवण्याची युक्ती काढली; आणि इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबलने तांब्याची लहान दंडगोल कांडी दाबाने किती चिरडते यावरून दाब ठरवण्याची पद्धत रूढ केली. नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी 1875 मध्ये काळ्या दारूच्या ज्वलनावर विस्तृत संशोधन प्रसिद्ध केले. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. ठासणीच्या बंदुकीतून निघणारा दाट धूर आणि नळीत साचणारी राख त्याचीच. या राखेचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. साफ न केलेल्या नळीत पुढची गोळी अर्ध्यावर अडते, दारूपर्यंत पोचत नाही, आणि दारू व गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. गोळी दारूवर टेकलेली नसताना बार उडाला तर अडलेल्या गोळीपाशी दाबाचा तडाखा बसून नळी फुगते किंवा फाटते. दारूचे माप अगदी बरोबर असतानाही हे घडते, आणि तेवढ्यावरूनच माप हे सुरक्षिततेचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे, हे सिद्ध होते.

यानंतर या क्षेत्राला कलाटणी मिळाली ती बिनधुराच्या दारूने. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बंदुकीत वापरता येईल अशी दारू बनवली. काही वर्षांतच आल्फ्रेड नोबेलचे बॅलिस्टाइट आणि ब्रिटिशांचे कॉर्डाइट आले. व्हिएयने या दारूच्या ज्वलनाचा नियमही मांडला. तिचा कण पृष्ठभागापासून थराथराने आत जळत जातो, आणि भोवतीचा दाब जितका जास्त तितका तो वेगाने जळतो. या एका वाक्यात या पुस्तकाचा निम्मा विषय सामावलेला आहे. दाब वाढला की ज्वलन वेगवान होते, ज्वलन वेगवान झाले की दाब आणखी वाढतो. या चढत्या चक्राला लगाम घालणारी गोष्ट म्हणजे गोळीचे पुढे सरकणे; ती पुढे गेली की मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. गोळी जड असेल तर तिला हलायला वेळ लागतो, मागची जागा उशिरा वाढते आणि तेवढ्यात दारू आणखी वेगाने पेटलेली असते. म्हणून वजनातली वाढ आणि दाबातली वाढ सरळ प्रमाणात नसतात, आणि त्रैराशिक येथे फसते. काळी दारू त्या मानाने दाबाला कमी प्रतिसाद देते आणि वजनाच्या मानाने तिची ताकद थोडी असते. त्या दारूसाठी बनवलेल्या ठासणीच्या नळीत बिनधुराची दारू, मग ती काडतूस फोडून काढलेली चिमूटभर का असेना, घालणे म्हणजे नळी हातात फोडून घेणे होय. या नियमाला अपवाद नाही.

जड गोळीचा दुसरा परिणाम लांबीतून येतो. नळीचा व्यास ठरलेला असल्यामुळे त्याच शिशाची जड गोळी लांबच होणार. रिव्हॉल्व्हरच्या चक्राची लांबीही ठरलेली असल्यामुळे ती जास्तीची लांबी पुंगळीच्या आत शिरते आणि दारूसाठी उरलेली जागा कमी होते. ही जागा किती महत्त्वाची असते याचे एक उदाहरण स्पीअर कंपनीच्या मार्गदर्शिकेने दिले आहे. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात गोळी मुद्दाम सुमारे पाऊण मिलिमीटर अधिक खोल बसवली, दारूचे माप जसेच्या तसे ठेवले, आणि तांब्याच्या कांडीच्या एककात मोजलेला दाब 28,000 वरून 62,000 पर्यंत चढला. दारूचा एक कणही वाढलेला नसताना दाब दुपटीहून अधिक झाला. तिसरा परिणाम व्यासाचा. ओतीव गोळी चक्राच्या खान्याच्या तोंडापेक्षा जाड असेल तर दाब चढतो; बारीक असेल तर गरम वायू बाजूने निसटतात, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम व नळी दोन्ही बिघडतात. चौथा परिणाम धक्क्याचा. जड गोळीच्या धक्क्याने हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये शेजारच्या खान्यांतील गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात, चक्र अडकते, आणि ज्याला बंदूक संरक्षणासाठी हवी होती त्याच्या हाती ऐन वेळी बंद पडलेले लोखंड उरते. हे चारही परिणाम एकाच वेळी, एकमेकांत गुंतून घडतात. त्यामुळे त्यांतला एक सांभाळला म्हणून बाकीचे आपोआप सांभाळले जात नाहीत.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. एल्मर कीथ हा जड ओतीव गोळ्यांचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता. पुढे 1955 मध्ये आलेल्या .44 मॅग्नम काडतुसामागे त्याच्या अनेक वर्षांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. त्याच कीथने 1925 मध्ये .45 कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये रायफलसाठी असलेल्या 300 ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम) जड गोळ्या व्यास कमी करून वापरल्या, आणि चक्राचा वरचा भाग व चौकटीची वरची पट्टी उडून गेली. पुंगळीत काळी दारू होती, पण बारीक करून घेतलेली. आणि बारीक कणांची दारू झपाट्याने जळते. येथे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: गोळी दुसऱ्या हत्याराची होती, तिचे वजन त्या रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या गोळीहून अधिक होते, आणि दारूच्या कणांचा आकार निराळा होता. कीथ नवशिका नव्हता. त्या काळातल्या अत्यंत जाणकार नेमबाजांत त्याची गणना होई. त्यानंतर तो .44 स्पेशलकडे वळला, कारण त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात खान्यांभोवती अधिक धातू उरत होता. जाणकारी आणि धाडस यांनी धातूची सहनशक्ती वाढत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे. आणि उरलेल्या, दुसऱ्या कामासाठी ओतलेल्या गोळ्या आपल्या बंदुकीत चालवून घेण्याची इच्छा किती थोर माणसालाही मोहात पाडते, हेही त्यातून दिसते.

या अनुभवांतून सुरक्षित मापाविषयी तीन विचारप्रवाह उभे राहिले. पहिला कारागिरांचा. तो प्रमाणावर आणि खुणांवर चालतो: गोळीच्या वजनाच्या मानाने दारू, आणि बार उडाल्यावर केप चपटी झाली का, पुंगळी खान्यातून सहज निघते का, हे पाहणे. दुसरा प्रयोगशाळेचा. आधी तांब्याच्या कांडीने, नंतर स्फटिकावर पडणाऱ्या दाबातून उत्पन्न होणाऱ्या विद्युत्संकेताने दाब मोजणे आणि प्रत्येक काडतुसाला कमाल मर्यादा ठरवणे हे त्याचे काम. अमेरिकेत 1926 पासून काम करणारी सामी ही उत्पादकांची संस्था आणि युरोपात 1914 मध्ये मूळ धरलेली सी.आय.पी. ही आंतरराष्ट्रीय संस्था या प्रवाहाच्या प्रतिनिधी. तिसरा गणिताचा. व्हिएयच्या नियमापासून निघून आज संगणकावरच्या आज्ञावलींपर्यंत आलेला हा प्रवाह घटकांवरून दाबाचा अंदाज बांधतो. पुस्तकाची भूमिका दुसऱ्या प्रवाहाच्या बाजूची आहे, पण इतर दोघांना झिडकारणारी नाही. कारागिराच्या खुणा धोक्याचा उशिरा आलेला इशारा म्हणून उपयोगी आहेत. गणित कोणती जुळणी तपासायलाही घेऊ नये हे सांगायला उपयोगी आहे. परवानगी देण्याचा अधिकार मात्र मोजमापालाच आहे.

सामीच्या मर्यादा पाहिल्या की हे पटते. .38 स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 17,000 पौंड, तर जवळपास त्याच व्यासाच्या .357 मॅग्नमची 35,000. .44 स्पेशलची 15,500, .44 मॅग्नमची 36,000. बाहेरून पाहणाऱ्याला या गोळ्या एकसारख्या, साचाही तोच. पण एका बंदुकीला जो दाब रोजचा, तो दुसरीला दुप्पट. भारतात सामान्य परवानाधारकाच्या हाती असलेल्या .32 रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. त्याची मर्यादा 15,000. ही पुंगळी लहान, चक्राच्या भिंती पातळ, त्यामुळे चुकीला वावही थोडा. दारू मोजण्याचे एककही ग्रेनच, सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मे. अशा लहान पुंगळीतले सगळे माप अवघ्या काही ग्रेनांचे असते, आणि अर्ध्या ग्रेनाची चूक डोळ्याला दिसत नाही. सरकारी लष्करानेही हा विचार कधी हलका घेतला नाही. ब्रिटिशांनी .38 रिव्हॉल्व्हरसाठी प्रथम 200 ग्रेनची शिशाची गोळी घेतली. युद्धनियमांच्या चिंतेने दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिच्या जागी 178 ग्रेनची आवरणयुक्त गोळी आणली, तेव्हा काडतुसाला नवा क्रमांक दिला. गोळी बदलली म्हणजे काडतूस नवे झाले, ही शिस्त होती. ज्यांच्याकडे कारखाने आणि प्रयोगशाळा होत्या त्यांनी एवढे केले, तर एकट्या माणसाने अंदाजावर भरवसा ठेवण्याला आधार कोणता?

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि ते गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला अनुभवाचा: अनेक वर्षे अंगठ्याच्या मापाने बार भरले, काही झाले नाही. पण धातू प्रत्येक अतिदाबाने थोडा थकतो आणि तो थकवा बाहेरून दिसत नाही; शेवटचा बार आधीच्या सगळ्यांचे ओझे घेऊन उडतो. शिवाय ज्यांची नळी फुटली त्यांचा अनुभव ‘अनेक वर्षे काही झाले नाही’ या हिशेबात धरलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक पटणारा: मग दारू कमीच घालावी, म्हणजे धोका नाही. काळ्या दारूचे माप फार कमी केले तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि अडकलेल्या गोळीमागून दुसरा बार उडाला की नळी फुटण्याची वेळ येते. बिनधुराच्या काही सावकाश जळणाऱ्या दारू तर मर्यादेपेक्षा कमी घातल्यास नीट पेट घेत नाहीत. म्हणून त्यांचे उत्पादक माप कमी करू नये असे स्पष्ट बजावतात. रिव्हॉल्व्हरमध्ये ‘फुसका’ बार गेला, आवाज नेहमीसारखा आला नाही, तर थांबून नळी मोकळी आहे का हे पाहिल्याशिवाय पुन्हा चाप ओढू नये, हा नियम यासाठीच आहे. गोंधळात माणूस काय करतो याचा पुरावा गेटिसबर्गच्या 1863 च्या रणांगणावर मिळतो. तेथून गोळा केलेल्या सुमारे 27,000 ठासणीच्या बंदुकांपैकी सुमारे 24,000 भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, असा त्या वेळचा अहवाल आहे. तिसरा आक्षेप खुणांचा: केप पाहून दाब कळतो. उच्च दाबाच्या रायफलीत थोडाफार कळतो. पण कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये केप चपटी होईपर्यंत दाब त्या चक्राची मर्यादा कधीच ओलांडून गेलेला असतो. चौथा आक्षेप आज्ञावलीचा: संगणक आकडा देतो. तो देतो, पण ओतीव गोळीचे घर्षण, मिश्रधातूचा कठीणपणा आणि त्या विशिष्ट चक्राची मापे त्याला माहीत नसतात. आवरणयुक्त गोळीसाठीचा आकडा ओतीव गोळीला लावता येत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप कायद्याच्या आणि नीतीच्या बाजूने येतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षाही कडक झाल्या आहेत. मग ज्या देशात घरी काडतूस भरणे गुन्हा आहे तेथे हे पुस्तक कशासाठी? याचे उत्तर असे की अज्ञान राखल्याने हा प्रकार थांबलेला नाही. गावठी कट्ट्यांच्या आणि भरलेल्या काडतुसांच्या जप्त्यांच्या बातम्या येत असतात. रानडुकरांसाठी लावलेल्या गावठी बॉम्बने गुरे आणि माणसे जखमी होतात. जे लोक हे करतात त्यांना शास्त्राचा आधार नसतो, आणि जे कायद्याने वागतात त्यांनाही आपल्या हातातल्या वस्तूचे शास्त्र कोणी सांगत नाही. म्हणून या पुस्तकात मापांचे तक्ते दिलेले नाहीत. घरी काडतूस भरायला मदत करणारे पुस्तक लिहिणे बेजबाबदार ठरले असते. येथे दिले आहे ते कारण समजण्याचे साधन: एखादे माप का धोकादायक आहे हे ओळखता आले, तर ‘अमक्याने सांगितले’ या आधारावर बार भरण्याची सवय सुटते. ठासणीच्या बंदुकीचा परवानाधारक, नेमबाजीचा खेळाडू, पोलीस शिपाई, जप्त हत्यारे हाताळणारा कर्मचारी, न्यायवैद्यक शाखेचा विद्यार्थी, अपघाताचा खटला चालवणारा वकील, या सगळ्यांना हे कळणे त्यांच्या कामाचा भाग आहे.

महाराष्ट्राला हे ज्ञान परके नसण्याचे आणखी एक कारण आहे. काडतुसाची जवळजवळ पूर्ण साखळी याच राज्यात उभी आहे. ठाणे जिल्ह्यातच अंबरनाथच्या कारखान्यात पितळेचे काम होते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात बिनधुराची दारू आणि स्फोटके तयार होतात. 1869 पासूनचा खडकीचा आणि 1964 पासूनचा वरणगावचा कारखाना काडतुसे बनवतात. पुण्याच्या पाषाण आणि सुतारवाडी भागातील संरक्षण प्रयोगशाळा शस्त्रे आणि स्फोटक द्रव्ये यांवर संशोधन करतात. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. या साखळीत किती खबरदारी लागते आणि खबरदारी असूनही केवढी किंमत मोजावी लागते, हे 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटाने दाखवले. त्यात किमान आठ कामगारांचे प्राण गेले. प्रशिक्षित माणसे, नियमावली आणि अंतर राखून बांधलेल्या इमारती असतानाही हे द्रव्य माणसाला माफ करत नाही, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते काय करील, हे वेगळे सांगायला नको. एवढी मोठी यंत्रणा मराठी भाषकांच्या श्रमावर चालत असताना तिच्या शास्त्राची मांडणी मराठीत नसावी, ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न करण्याजोगी आहे.

शिसे या धातूला पुस्तकात स्वतंत्र जागा दिली आहे, कारण ओतीव गोळीचा धोका फक्त दाबाचा नाही. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवरही सहज वितळते, आणि म्हणूनच ते घरात वितळवले जाते. शुद्ध शिसे मऊ असते. कथील आणि अँटिमनी मिसळले की कठीण होते. जुन्या बॅटरीतून, टायरच्या वजनातून, छपाईच्या खिळ्यांतून गोळा केलेल्या शिशात या धातूंचे प्रमाण दर वेळी निराळे असते. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन गोळ्यांचे वजन आणि कठीणपणा सारखा असेल याची खात्री नसते. मापाचा आधारच डळमळतो. वितळताना उडणारी धूळ, काजळी आणि मळी घरातल्या मुलांच्या शरीरात जाते, आणि शिशाचा मेंदूवर होणारा परिणाम मुलांमध्ये सर्वांत घातक असतो. ओलसर शिसे किंवा ओला साचा तापलेल्या शिशात गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो. जंगलातही शिसे संपत नाही. गोळीचे बारीक तुकडे मेलेल्या जनावराच्या मांसात राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांच्या व इतर शिकारी पक्ष्यांच्या पोटात जातात. तानसाच्या शेजारी राहणाऱ्यांनी हा विचार इतरांपेक्षा अधिक करायला हवा.

वाया जाऊ देऊ नये ही शिकवण आपल्या घराघरांत आहे आणि ती चांगली आहे. पण उरलेल्या गोळ्यांच्या बाबतीत तिचा अर्थ नीट लावावा लागतो. गोळीतली किंमत धातूची आहे. ती न वापरल्याने धातू नष्ट होत नाही. वाया जाते ते बोट, डोळा किंवा शेजारी उभ्या माणसाचा जीव, आणि ते परत ओतता येत नाहीत. ज्याच्याकडे वारशाने आलेली काडतुसे, सुट्या गोळ्या किंवा जुनी दारू आहे, त्याने ती वापरून पाहण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करावी. परवान्याबाहेरचा साठा ठेवणे हाही गुन्हा आहे. हे सांगताना शेतकऱ्याच्या अडचणीकडे डोळेझाक करायची नाही. पीक गेले तर त्याचे वर्ष जाते, आणि नुकसानभरपाईला वेळ लागतो. पण ज्या उपायाने त्याचा हात जाईल तो उपाय त्याच्या बाजूचा नव्हे. ठासणीच्या बंदुकीच्या परवानाधारकांसाठी नळी तपासून देण्याची सोय तालुक्याच्या पातळीवर असावी, परवान्याबरोबर मराठीत लेखी सूचना मिळाव्यात, आणि पीकरक्षणाच्या बिनहत्यारी उपायांना सरकारने खरी मदत द्यावी, ही मागणी या पुस्तकाच्या विषयाबाहेरची नाही. ती त्याच्या निष्कर्षातून निघते.

पुढील प्रकरणांत वाचकाला काळ्या दारूपासून बिनधुराच्या दारूपर्यंतचे रसायन, नळीतील दाबाचे गणित, रिव्हॉल्व्हरच्या रचनेतील कमकुवत जागा, शिशाचे मिश्रधातू, कसोटीच्या पद्धती आणि कायद्याची चौकट हे सर्व क्रमाने मिळेल. सूत्रे दिली आहेत तेथे ती समजावून सांगितली आहेत. शाळेतल्या विज्ञानापलीकडे पूर्वतयारी गृहीत धरलेली नाही. वाचून झाल्यावर वाचकाला कोणत्याही गोळीसाठी माप सांगता येणार नाही, आणि ते पुस्तकाचे अपयश नाही. एखाद्याने जड गोळी पुढे करून ‘हिला दारू किती?’ असे विचारले, तर त्याला उलट कोणते प्रश्न विचारायचे हे वाचकाला नेमके कळेल: बंदूक कोणती, चक्र कोणत्या दाबासाठी तपासलेले, गोळी कोणत्या धातूची, किती लांब, किती खोल बसणार, आणि ही जुळणी मोजून पाहिली कोणी व कुठे? या प्रश्नांपैकी एकाचे जरी उत्तर हाती नसेल तर त्या गोळीसाठी सुरक्षित माप शून्य आहे, असे न डगमगता सांगण्याचे बळ या पुस्तकाने दिले तर त्याचा हेतू सफल झाला.